अनुभव धागा: तुमच्या पीसीचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा)

पायवाट:
भाचा आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतोय. "मामा, जुना एसएमपीएस चालेल ना?" असं विचारलं आणि कॉलेजातला पीसी आठवला. कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, वर ठळक ४५० वॉट. गेम रंगात आला की पीसी धाडकन बंद. रॅम बदलून झाली, विंडोज परत टाकून झालं, शेवटी रूममेटने लेबल दाखवलं: १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॉट! प्रोसेसर आणि कार्ड जगतात ते या १२ व्होल्टवरच. वरचा मोठा आकडा बघू नका, ही ओळ बघा. हे कार्ड एकटं १७० वॉट घेतं, कंपनी ५५० चा एसएमपीएस सांगते. भाच्याला तेच सांगितलंय. तुमचे अनुभव येऊ द्या.

चिंचगूळ:
एसएमपीएसच्या मागचा तो व्होल्टेजचा लाल स्विच!! धाकट्याने २३० चा ११५ केला. फाट्कन आवाज, खोलीभर वास. आई म्हणाली, फटाके घरात कोण लावतंय?

रातराणी:
+१ लेबलला. आमच्याकडे दुरुस्तीवाल्याने मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) एसएमपीएस बदलला, केबली मात्र जुन्याच ठेवल्या. एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिना कंपनीगणिक वेगळ्या असू शकतात. दोन्ही हार्ड डिस्क गेल्या. लग्नाचे फोटो त्यातच होते.

चिंचगूळ:
अगं बाई! मिळाले का परत?

रातराणी:
नणंदेकडे सीडी होती, थोडे मिळाले. हळदीचे गेलेच.

गावकूस:
८० प्लस गोल्डबद्दल. ते फक्त कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र, आतला माल टिकेल याची हमी नव्हे. वॉरंटी किती वर्षं ते आधी विचारा.
आणि लाइट जाणाऱ्या गावात राहत असाल तर यूपीएस पण बघा. बऱ्याच नव्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज नीट ओढणारं सर्किट) असतं, काही स्वस्त यूपीएसवर लाइट जाताच पीसी बंद पडतो. माझा पडायचा. शुद्ध साइन वेव्हवाला (घरच्या लाइटसारखीच वीज देणारा) यूपीएस घेतल्यापासून त्रास नाही.

झुळूक:
कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, एसएमपीएस बदलू का?

गावकूस:
@झुळूक नको, आधी वायरमन बोलवा. अर्थिंग नसेल तर फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा करंट कॅबिनेटवर येतो. नवीन एसएमपीएसलाही येईल. मुलं हात लावत असतील तर आजच बोलवा.

झुळूक:
बोलावते. कुकर लावलाय, नंतर येते.

पायवाट:
शनिवारी भाच्याला घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जातोय. कोणी येणार असेल तर ग्रँट रोड स्टेशनला भेटू.

चिंचगूळ:
मी येते! मला कीबोर्ड घ्यायचाय.