विषय: आपल्या मंडळाच्या कोजागिरीला एक लहान सिनेमा दाखवूया

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर भारतात, पुण्यात आले आहे. शनिवारी कोथरूडमधल्या एका छोट्या हॉलमध्ये एका तरुण मुलाचा पहिलाच सिनेमा पाहिला. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

सगळा सिनेमा त्याच्या आत्याच्या दोन खोल्यांत घडतो. सासू शेवग्याच्या शेंगा सोलतेय, सून ओट्याशी उभी, आणि कितीतरी वेळ दोघी एक अक्षर बोलत नाहीत. फक्त शेंगेची साल ओढल्याचा आवाज. तो इतका स्वच्छ कसा आला, असं मी त्याला बाहेर विचारलं. म्हणाला, "मावशी, डबिंगला पैसे नव्हते, सगळं जागेवरच रेकॉर्ड केलं. टेकच्या वेळी फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली आत ठेवायची. किल्लीशिवाय निघता येत नाही, त्यामुळे फ्रिज परत चालू करायला विसरत नाही."

'बजेट कमी असूनही छान' असं आपण म्हणतो ना, त्यातलं 'असूनही' मला खटकतं. हाताशी दोनच खोल्या असल्या की दिग्दर्शक माणसांकडे बघत राहतो. 'कोर्ट' आठवा. बरेचसे कलाकार अभिनयात नवखे, कॅमेरा जवळजवळ हलत नाही, आणि २०१४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दोन पुरस्कार. त्याचे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे तेव्हा तिशीचेही नव्हते. नागराज मंजुळे 'पिस्तुल्या' या लघुपटातून 'फँड्री'कडे आले, 'सैराट' त्यानंतरचा. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. ही माणसं नावारूपाला आल्यावर आपण त्यांना हारतुरे देतो. पहिल्या सिनेमाच्या वेळी कुणीतरी समोर बसलेलं असावं लागतं, ते आपण का असू नये?

~

ताई, पत्र आवडलं. पण सिनेमाला हॉल घेऊन माणसं किती येतील? त्या मुलाकडून लिंक मागवा, सगळे घरीच बघतील. त्याचंही नाव होईल.
– खजिनदार

~

काका, लिंक तेवढी मागायला सांगू नका. अशा सिनेमाला थिएटरात सकाळचा नाहीतर भर दुपारचा शो मिळतो. लोकांच्या कानावर जाईपर्यंत सिनेमा उतरलेला असतो. ओटीटीवाले आधी विचारतात, त्यात कोण आहे? मग उरतात असे एकेकटे शो आणि त्यांचं मानधन. त्यातूनच आवाजाच्या माणसाचे राहिलेले पैसे देणार आहे, असं तो सांगत होता. नाटक आणतो तेव्हा आपण अख्ख्या संचाची विमानाची तिकिटं काढतो. इथे प्रवासखर्चच नाही, मग मानधन तरी नीट देऊया.

सबटायटल्स आहेत, त्यामुळे आपली मुलंही बसतील. सिनेमा झाल्यावर मसाला दूध घेता घेता त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलता येईल. तेव्हा पुण्यात पहाटेचे पाच वाजलेले असतील, हे मी त्याला सांगितलं. "जागाच राहतो," म्हणाला.

~

ताई, रविवारच्या बैठकीत विषय घेतो. मानधन किती ते त्याला विचारून कळवा, घासाघीस करू नका. शेंगा सोलण्याचा प्रसंग आमच्या सौ.ला वाचून दाखवला, त्या आत्तापासून तारीख विचारताहेत.
– खजिनदार