शत्रू धूसर, हिशोब चोख

हुकूमशहा अमूर्त कल्पनांत अडकतो, म्हणून त्याला हाडामांसाचा माणूस दिसत नाही, असं म्हटलं जातं. मला हे अर्धंच पटतं. स्टालिनचंच घ्या. ‘जनतेचा शत्रू’ हा शब्द इतका सैल की त्यात कुणालाही कोंबावं. पण त्याच्या राजवटीच्या जुलै 1937 च्या गुप्त आदेशात प्रांतवार आकडे होते: इतक्यांना गोळी, इतक्यांना छावणी. कोटा संपला की खालचे अधिकारी वाढवून मागायचे, आणि तो मिळायचाही! शिवाय नावांच्या याद्यांवर स्टालिनची स्वतःची सही. तपशिलाचं वावडं कुठं होतं?

आपल्या सोलापुरात 1930 साली एकटा हुकूमशहा नव्हता, इंग्रजांचा मार्शल लॉ होता. पण मनाची चाल तीच. राजद्रोह डोळ्यांना दिसत नाही, गांधी टोपी दिसते. मग टोपी घालणं हाच गुन्हा. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली, ते प्रकरण याच दिवसांतलं.

म्हणून ‘अमूर्त की मूर्त’ असा सामना लावू नये असं वाटतं. मला जास्त कुतूहल आहे ते मधल्या कारकुनाचं, जो धूसर शब्दाची ठोस यादी करून देतो. त्याच्या मानसशास्त्रावर इथे कुणी लिहील का?