पाण्याचे वजन ९.८ न्यूटन, मग तळावरील बल २९.४ न्यूटन कसे?

शंकेखोर:
एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने लागणारे बल म्हणजे दाब, ही व्याख्या मला समजते. द्रवासाठी मात्र 'दाब = खोली × घनता × गुरुत्वीय त्वरण' असे सूत्र दिलेले असते आणि त्यात क्षेत्रफळ कुठेच नसते. दोन्ही सूत्रे एकच गोष्ट सांगत असतील असे धरून मी एक उदाहरण सोडवायला घेतले आणि तिथेच अडलो. शंकूच्या आकाराचे एक भांडे आहे. तळ १०० चौरस सेंटिमीटर, उंची ३० सेंटिमीटर आणि टोकाला बारीक छिद्र. ते पूर्ण भरल्यास त्यात १ लिटर पाणी मावते, म्हणजे वजन ९.८ न्यूटन. पण खोलीच्या सूत्राने तळावरील दाब २,९४० पास्कल येतो आणि त्यावरून बल २९.४ न्यूटन. हे तिप्पट बल आले कोठून?

घनमापी:
आपले गणित चुकलेले नाही. तळावरील बल म्हणजे पाण्याचे वजनच असणार, हे आपण नकळत गृहीत धरले आहे आणि ते फक्त उभ्या भिंतींच्या भांड्यात खरे ठरते. तेथे क्षेत्रफळ, उंची, घनता आणि गुरुत्वीय त्वरण यांचा गुणाकार म्हणजे वजन. त्याला क्षेत्रफळाने भागले की क्षेत्रफळ निघून जाते आणि आपले दुसरे सूत्र उरते.

शंकूच्या भिंती आत झुकलेल्या असतात. पाणी त्यांना लंब दिशेने, म्हणजे बाहेर आणि थोडे वर ढकलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार भिंतीही पाण्याला तितक्याच बलाने आत आणि खाली ढकलतात. आडवे घटक एकमेकांना रद्द करतात, तर खालच्या दिशेचे घटक मिळून नेमके १९.६ न्यूटन भरतात. (हवेचा दाब आत-बाहेर सारखाच असल्याने तो येथे सोडून दिला आहे.)

शंकेखोर:
मग हे भांडे काट्यावर ठेवले, तर पाण्याचे वजन २९.४ न्यूटन दिसेल का?

घनमापी:
नाही, ९.८ न्यूटनच दिसेल. पाणी तळाला २९.४ न्यूटनने खाली रेटते, त्याच वेळी भिंतींना १९.६ न्यूटनने वर उचलते, आणि भांडे एकसंध असल्याने काट्याला केवळ त्यांतील फरक जाणवतो. तळाची चकती सुटी करून, भिंती वेगळ्या आधाराने धरून ठेवल्या, तर चकती जागेवर ठेवण्यासाठी मात्र तिच्या स्वतःच्या वजनाखेरीज पूर्ण २९.४ न्यूटन लागतील.

पारदस्तंभ:
घनतेबद्दल थोडी भर घालतो. याच भांड्यात १३,६०० किलोग्रॅम प्रति घनमीटर घनतेचा पारा भरला, तर तळावरील दाब आणि बल दोन्ही १३.६ पट होतील, भांड्याचा आकार कोणताही असो. टॉरिचेलीच्या नळीत (पाऱ्याने भरून पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केलेली, वरचे टोक बंद असलेली नळी; हिने हवेचा दाब मोजतात) पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो, तेव्हा नळी जाड आहे की बारीक याने फरक पडत नाही, तो याचमुळे.

मात्र हे सूत्र घनता सगळीकडे सारखी असल्याचे मानते. पाण्याच्या बाबतीत ते चालते, कारण पाणी फारसे दाबले जात नाही. हवा दाबली जाते आणि वर जावे तशी विरळ होते. समुद्रसपाटीवरील सुमारे १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर ही घनता वरपर्यंत कायम धरली, तर सारे वातावरण साडेआठ किलोमीटरच्या आसपास संपायला हवे; प्रवासी विमाने त्याहूनही वर उडतात.