रात्रपाळीचे तास काढताना ##### येतंय

प्रश्न: ए२ मध्ये येण्याची वेळ २२:००, बी२ मध्ये जाण्याची ०६:३०. =बी२-ए२ केलं की एक्सेलमध्ये नुसते #####. कॉलम रुंद करूनही जात नाहीत. शिवाय महिन्याची बेरीज १७६ तासांऐवजी ८:०० दिसते. काय चुकतंय?

उत्तर १: एक्सेलला वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. २२:०० म्हणजे ०.९१६७, ०६:३० म्हणजे ०.२७०८. वजाबाकी उणे येते, आणि उणे वेळ तो दाखवत नाही. =मॉड(बी२-ए२,१) लिहा, ८:३० येईल (मॉड म्हणजे भागाकाराची बाकी; १ ने भागल्यावर ती उणे येत नाही). दिवसपाळीलाही हेच चालतं. जेवणाची सुट्टी कंसाबाहेर वजा करा.

बेरजेच्या सेलला [एच]:एमएम फॉरमॅट द्या. चौकटी कंस नसले की दर २४ तास गळतात, म्हणून १७६ चे ८.

उत्तर २: पगारासाठी आलेली वेळ २४ ने गुणा, पण फॉरमॅट ‘नंबर’ करा, नाहीतर ८.५ ऐवजी १२:०० दिसेल.

जाण्याची वेळ भरायची राहिली तर मॉड गुपचूप २:०० तास धरतो, हे फार घातक. म्हणून:
=इफ(काउंट(ए२:बी२)=२,मॉड(बी२-ए२,१),"")

सलग २४ तासांची ड्युटी असेल तर मॉड शून्य देईल. तिथे तारखेसकट वेळ भरा आणि साधी वजाबाकी करा.