दर पाच मिनिटांनी काम बदलतं, संध्याकाळी डोकं बधिर. काय करता तुम्ही?

सुताचा_गुंता:
इचलकरंजीत एका कर सल्लागारांकडे अकाउंट्स बघते. जीएसटीची विवरणपत्रं भरायची, 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 ला 3बी, तोवर श्वास घ्यायला वेळ नसतो. काल एका यंत्रमागवाल्यांचं बँक स्टेटमेंट टॅली सॉफ्टवेअरमधल्या हिशोबाशी जुळवत होते. मधेच दुसऱ्या पार्टीचा फोन, "ताई, ई-वे बिल काढा, गाडी भरून उभी आहे." काढलं. तेवढ्यात तिसऱ्याचा ओटीपी व्हॉट्सअ‍ॅपवर, तो लगेच टाकला नाही तर जातो. परत आले तर कुठल्या ओळीवर होते तेच आठवेना. शेवटी 2,700 चा फरक. रात्री साडेआठपर्यंत शोधला, नाही सापडला.
'फोन बंद ठेवा' सांगू नका. पोट त्याच्यावर आहे.

जुना_रोखपाल:
2,700 ला 9 ने भाग जातो, म्हणजे बहुतेक आकडे उलटे पडलेत. तसंच शोधा.
आम्ही काउंटरवर नोटा मोजताना कुणी हाक मारली तरी गड्डी संपेपर्यंत ओ द्यायचो नाही. लोक शिष्ट म्हणायचे, म्हणू देत. खतावणीवरून उठावंच लागलं तर ओळीखाली फूटपट्टी ठेवून उठायचं.

दुपारचा_चहा:
ई-वे बिलांची वेळ ठरवून टाका, 12 आणि 4.

सुताचा_गुंता:
गाडी उभी असते हो. ड्रायव्हर घड्याळ बघून येत नाही.

वाचत_बसलेला:
रोखपालकाकांच्या फूटपट्टीला संशोधनाचाही आधार आहे. अर्धवट टाकलेलं काम डोक्यात रेंगाळतं आणि नव्या कामाला पूर्ण लक्ष मिळत नाही, याला सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये 'अटेन्शन रेसिड्यू' म्हटलं. पुढे त्यांनी आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी उपायही तपासला: उठण्याआधी कुठवर आलो आणि परतल्यावर काय करायचं, ते थोडक्यात लिहायचं. त्याने मधल्या कामात लक्ष जास्त लागलं. तेव्हा नुसती खूण नको, 'आल्यावर पहिलं काय' हेही लिहा.

सुताचा_गुंता:
काका, सापडलं! सायझिंगचं (सुताला खळ लावण्याचं) बिल, 5,200 चे 2,500 मारलेले. ओटीपीच्या गडबडीतलंच.
जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या फाडून ठेवल्यात. आजची पहिली: "17 पर्यंत टिक. आल्यावर 18 चा चेक, दोनदा पडलाय का बघ." तीनदा उठले, तिन्ही वेळा बसल्या बसल्या काम सुरू. चौथी चिठ्ठी आमच्या सरांनी गुंडाळून कान कोरायला घेतली.