ऐंशीनंतर रक्तदाबाच्या गोळ्या
'ऐंशी ओलांडल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या कशाला?' असं एकांनी विचारलंय. पूर्वी डॉक्टरांनाही हीच शंका होती, कारण औषधांच्या चाचण्यांमधून म्हातारी माणसं सर्रास वगळली जात. २००८ साली 'हायव्हेट' चाचणीचे निष्कर्ष आले: ८० च्या पुढचे ३,८४५ रुग्ण, आणि औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी कमी. तेव्हा निव्वळ वयाकडे बघून गोळ्या बंद करू नका, ही कळकळीची विनंती.

मात्र त्या चाचणीतले रुग्ण तुलनेने धडधाकट होते. उठताना भोवळ येत असेल, तर बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगा. मूत्रपिंडाचं काम बघायला रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, मूत्रपिंड बाहेर टाकतं तो पदार्थ) मोजतात; ते नॉर्मल आलं तरी निर्धास्त राहू नका. स्नायू झडलेले असले की मूत्रपिंड मंदावूनही तो आकडा कमीच दिसतो. डोस ठरवताना हे पुष्कळदा निसटतं.