एफपीजीए म्हणजे खरं मशीन? कसलं सोवळं हे?

जुना ओझरकर
परवा सर्किटरावांनी त्यांच्या नव्या मिस्टरचा फोटो टाकला, म्हणजे जुन्या संगणकांच्या रचना एफपीजीएत (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) भरणाऱ्या बोर्डाचा. अभिनंदन. पण खाली त्यांनी लिहिलं, "एम्युलेटर ही नक्कल, एफपीजीए हे खरं मशीन. ज्यांनी स्पेक्ट्रम फक्त लॅपटॉपवर पाहिलाय त्यांनी मतं देऊ नयेत." मी स्पेक्ट्रम (सिंक्लेअरचा जुना घरगुती संगणक) लॅपटॉपवरच पाहतो, एम्युलेटर प्रोग्रॅममधून. तरी मत देतोय, घ्या चालवून.

मिस्टरवरच्या त्या सायक्लोन ५ एफपीजीएमध्ये सिंक्लेअरचं आहे काय? झेड८० प्रोसेसर नाही, चित्र काढणारी फेरांटीची चिप, म्हणजे यूएलए, नाही. आहे ती कुणीतरी रात्री जागून व्हेरिलॉगमध्ये (चिपचं वर्णन लिहायची भाषा) लिहिलेली फाइल, म्हणजे यूएलए कसा वागतो याबद्दल त्या माणसाची समजूत. समजूत चुकली की कोर (बोर्डात भरलेली ती रचना) चुकतो, मग दुरुस्ती येते, तुम्ही अपडेट मारता. खऱ्या यूएलएला कधी अपडेट आलं होतं का?

आणि हीच व्हेरिलॉग व्हेरिलेटर नावाच्या प्रोग्रॅममधून काढली की तिची सी++ होते. ती माझ्या लॅपटॉपवर चालते, रडतखडत का होईना. फाइल तीच. बोर्डात ओतली की सोवळ्यात आणि लॅपटॉपवर ओवळ्यात, हे कोणत्या पोथीत लिहिलंय?

माझं लहानपण ओझर टाऊनशिपमध्ये गेलं. मिग विमानांच्या कारखान्यामुळे बऱ्याच घरांत रशियाची एखादी तरी वस्तू असायची, कॅमेरा नाहीतर बाहुलीतली बाहुली. आमच्या शेजारच्या काकांनी ९२ च्या सुमाराला एक राखाडी डबा आणला. बटणांवर रशियन अक्षरं, मागे पाच पिनांचं भोक, माहितीपत्रक शून्य. काकांनी टीव्हीला कशीबशी वायर जोडली तेव्हा चित्र आलं ते काळंपांढरं, आणि त्यात एक माणूस शिडीवरून पडत होता. तो का पडतो हे शोधण्यात आमची अख्खी दिवाळीची सुट्टी गेली.

पुढे कित्येक वर्षांनी कळलं की तो स्पेक्ट्रमचाच क्लोन होता. तिकडे यूएलए मिळेना, म्हणून त्या लोकांनी साध्या टीटीएल चिपांवर त्याचं काम उभं केलं होतं. त्यातल्या पेंटॅगॉन नावाच्या क्लोनची एक फ्रेम ७१,६८० टी-स्टेटची (प्रोसेसरच्या ठोक्यांची), सिंक्लेअरच्या ४८के मॉडेलची ६९,८८८ ची. मेमरी कंटेन्शन, म्हणजे मेमरीसाठी प्रोसेसरला थांबावं लागणं, मुळातच नाही. म्हणजे बघा, सगळं हार्डवेअर, सगळं हाताने सोल्डर केलेलं, आणि तरी ४८के साठी लिहिलेल्या डेमोतले बॉर्डरवरचे पट्टे भलत्याच जागी. लॅपटॉपवरचा एम्युलेटर मात्र दोन्ही बरोबर दाखवतो. आता खरं कोण ते सांगा.

सर्किटराव
एवढं लिहिण्यापेक्षा एकदा गंगापूर रोडला घरी येऊन हातात जॉयस्टिक घेतली असती तर बरं झालं असतं.

५० हर्ट्झला एक फ्रेम २० मिलिसेकंदांची. लॅपटॉपवर तुमची ग्राफिक्स, तुमचा विंडोज, तुमचा व्हीसिंक, मिळून एक-दोन फ्रेमा तरी खातातच. कोरमधून बाहेर पडणारी ओळ थेट सीआरटीवर (जुन्या काचेच्या टीव्हीवर) जाते, मध्ये कुणी बसत नाही. झेड८० आणि यूएलए दोन्ही एकाच वेळी चालतात. तुमच्या एम्युलेटरसारखं "आधी तू, मग मी" नाही.

आणि मी वडिलांची कॅसेट लावून गेम लोड केलाय. वॅव्ह फाइल नाही, कॅसेट! बोर्डावरच्या एडीसीला (सिग्नलचे आकडे करणारी चिप) टेपरेकॉर्डरची वायर दिली. ए बाजूला भजनं, बी बाजूला माझे प्रोग्रॅम. हेडचा स्क्रू पाव आटा फिरवल्यावर निळे-पिवळे पट्टे स्थिर झाले आणि आई आतल्या खोलीतून म्हणाली, "अरे, तो आवाज परत आला?" हे तुमच्या लॅपटॉपवर होतं का?

तिखट_मिसळ
किंमत सांगा आधी.

सर्किटराव
कस्टम धरून तीस हजारांच्या घरात. घरी बारा सांगितलंय.

जुना ओझरकर
लॅपटॉपच्या माइकच्या भोकातूनही कॅसेट लोड होते हो. तुमच्या आईंचा आवाज तेवढा नाही येणार, ते मान्य.

आणि "मध्ये कुणी बसत नाही"? मिस्टरवर तुमची यूएसबी जॉयस्टिक आधी त्या एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्सकडे जाते, तिथून कोरकडे. लिनक्स काय पाटावर बसून मुकाट जेवतो का?

कॉलेजरोडवाली
दोघेही नाकाने कांदे सोलताय म्हणून लिहिते. माझं पोट आरटीएलवर, म्हणजे चिपांची रचना लिहिण्यावरच चालतं.

ओझरकर, यूएलएला अपडेट आलं होतं. ५सी१०२, मग ५सी११२, मग ६सी००१. पहिल्या इश्यूच्या बोर्डावर तर चूक सुधारायला एक चिप उलटी चिकटवली होती, लोक तिला मेलेलं झुरळ म्हणत. तेव्हा "मूळ मशीन" ही देखील एक वस्तू नव्हे, तिच्याही आवृत्त्या आहेत. सर्किटराव, व्हेरिलॉग समांतर चालते म्हणून ती आपोआप बरोबर होत नाही. चुकीचं गेट समांतर चुकतं, बस. कॉमोडोर संगणकाच्या सिडचं, आवाजाच्या चिपचं, काय करणार? त्याचे फिल्टर अॅनालॉग, दोन ६५८१ (तिचाच नंबर) शेजारी ठेवल्या तरी आवाज एक येत नाही. कोर त्यातल्या कोणत्या चिपेशी प्रामाणिक राहायचा?

माझं खरं दुःख निराळंच आहे. इथल्याच एका कॉलेजात मी इंजिनिअरिंग केलं. व्हीएचडीएलचा (व्हेरिलॉगसारखीच भाषा) पेपर होता, मार्क पैकीच्या पैकी. एफपीजीएचे बोर्ड कपाटात होते, काचेतून दिसायचे. चार वर्षांत एकदाही बाहेर आले नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "बिघडले तर भरणार कोण?" मी पहिला एलईडी पेटवला तो नोकरी लागल्यावर. आणि तुम्ही इथे खरं-खोटं करताय.

मास्तर८०८५
ताई, त्या कपाटाची किल्ली माझ्यासारख्या माणसाकडेच असायची. एकतीस वर्षं लॅब सांभाळली. बोर्ड हरवला तर चौकशी माझी, प्राचार्यांची नाही. एका बॅचने आठपैकी तीन बोर्डांना उलटी पॉवर दिली, तो कागद अजून जपून ठेवलाय. मुलांना शिकायचं असतं तर ८०८५ प्रोसेसरचे किट होते की उघड्यावर! बारा किट, रोज चालू. त्यावर कुणी बोट ठेवायला तयार नसे, सगळ्यांना सिम्युलेटर हवा. या वादाचं मूळ तिथे आहे. हाताने ओपकोड (आज्ञांचे आकडे) भरलेला माणूस असले प्रश्न विचारत नाही.

कॉलेजरोडवाली
बारा किटांपैकी सहांची "नेक्स्ट" की दाबली की दोनदा दाबली जायची, मास्तर. तीन बाइट भरेपर्यंत पत्ता दोन पुढे. तुम्ही रागवायचात, आम्ही परत पहिल्यापासून. त्याला शिक्षण म्हणायचं?

मास्तर८०८५
त्यालाच म्हणायचं. बेरजेचा प्रोग्रॅम: ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, ८०, सीएफ. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, अजून पाठ आहे.

तिखट_मिसळ
शेवटी सीएफ? मास्तर, आमच्याकडे ईएफ होतं.

भंगारवाला बंड्या
७६. हॉल्ट. पुस्तकात तेच.

तिखट_मिसळ
पुस्तकात काहीही असेल, किटवर ७६ दिलं की डिस्प्ले मरायचा, मग रिसेट. म्हणून आरएसटी ५ (ठरलेल्या जागी उडी मारायची आज्ञा), म्हणजे ईएफ. व्हायवात मी सीएफ सांगितलं असतं तर बाहेर काढलं असतं.

मास्तर८०८५
कोणत्या कंपनीचा किट त्यावर अवलंबून असतं. आमचा मॉनिटर, किटचा आतला प्रोग्रॅम, आरएसटी १ वर परत यायचा. माहिती नसताना व्हायवाची ऐट कशाला?

तिखट_मिसळ
ऐट कसली! तुमच्यासारख्यांनीच आम्हाला वर्ष वर्ष लटकवलं. सबमिशनच्या फायलीवर सही हवी तर आधी चहा.

मास्तर८०८५
चहा मी माझ्या पैशाने पाजलाय मुलांना. शब्द मागे घ्या.

सर्किटराव
माझ्या स्पेक्ट्रमच्या धाग्यात हे कुठून शिरलं?

जुना ओझरकर
धागा माझा आहे. तुमचा फक्त फोटो होता.

भंगारवाला बंड्या
मुद्द्याचं बोलू का? माझ्याकडे डेसिबल्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे. एम्युलेटर नाही, कोर नाही, भारतात परवान्यावर बनलेला तो. अंबड लिंक रोडला भंगाराची दुकानं होती तेव्हा दीडशे रुपयांत उचलला, वर शंभराच्या दोन कॅसेटी. आता चालू केला की पडद्यावर उभ्या पट्ट्या, बाकी काही नाही. तुमचं कोण खरं ते ठरेपर्यंत माझं खरं मेलेलं आहे. झेड८० बनवणाऱ्या झिलॉगनेही २०२४ मध्ये त्याच्या शेवटच्या ऑर्डरी घेऊन तो बनवणं बंद केलं. उद्या काय करायचं?

सर्किटराव
हेच तर म्हणतोय मी! उद्या एफपीजीएच राहणार.

जुना ओझरकर
उद्या सायक्लोन ५ पण बंद होईल. व्हेरिलॉग राहील. म्हणजे परत सॉफ्टवेअरच.

कॉलेजरोडवाली
ओझरकर, हे मात्र बरोबर बोललात. वर्षातून एकदा होतं तसं.

बंड्या, टीआर४ ट्रान्झिस्टर तपासलास का? तो गेला की खालच्या १६के मेमरीच्या ४११६ चिपांना उणे पाच आणि बारा व्होल्ट नीट मिळत नाहीत, त्या जळायला लागतात. पट्ट्यांचं तेच लक्षण. आधी व्होल्टेज मोज, सारखं चालू-बंद करू नको.

भंगारवाला बंड्या
ताई, मल्टिमीटर आहे, टीआर४ कुठला ते दिसत नाहीये. फोटो टाकतो.

मास्तर८०८५
कॉइलच्या शेजारी बघा. फोटो नको, घेऊनच या रविवारी. माझ्याकडे सोल्डरिंग स्टेशन आहे. आणि हो, तिखट मिसळ आले तरी हरकत नाही, चहा आहे.

तिखट_मिसळ
येतो. शब्द मागे घेतो, अर्धा. ईएफ वर मात्र ठाम.

सर्किटराव
थांबा, एक गंमत. मास्तरांचे ते नऊ बाइट मी आत्ता मिस्टरवर भरले. झेड८० ला ८०८५ चे हे ओपकोड तसेच्या तसे चालतात ना. पोक (मेमरीत आकडा भरणं) ३२७६८ पासून ६२, ५, ६, ३, १२८, ५०, ८०, १२८, २०७. मग रँडमाइज यूएसआर ३२७६८, म्हणजे तिथून चालव. पडद्यावर आलं: «१ नेक्स्ट विदाउट फॉर». मी म्हटलं, कोरच फुटला. पण पीक ३२८४८ केलं, म्हणजे तिथला आकडा वाचला, तर उत्तर ८. पाच अधिक तीन, बरोबर!

कॉलेजरोडवाली
फुटला नाही. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) सीएफ, म्हणजे ८०८५ चं आरएसटी १, झेड८० वर आरएसटी ८, हा एररचा दरवाजा आहे. पुढचा बाइट एररचा नंबर. मोकळ्या मेमरीत शून्य असतं, म्हणून पहिली एरर. सीएफ नंतर एफएफ दिलं असतं तर «० ओके» आलं असतं.

जुना ओझरकर
मी लॅपटॉपवर केलं. अक्षर न् अक्षर तेच आलं. नेक्स्ट विदाउट फॉर.

सर्किटराव
येणारच. रॉम एकच आहे.

जुना ओझरकर
मग माझं म्हणणं काय वेगळं होतं? असो. रविवारी तुमचा सीआरटी आणि तो तीस हजारांचा डबा मास्तरांकडे आणा. बारा हजारांचा. जॉयस्टिक धरून बघतो एकदा.

तिखट_मिसळ
ईएफ दिलं तर काय होतं?

कॉलेजरोडवाली
८०८५ चं आरएसटी ५, झेड८० वर आरएसटी २८ (हेक्स). रॉमचा कॅल्क्युलेटर सुरू होतो आणि पुढचे बाइट हिशेब समजून खात सुटतो. कुठे जाऊन आपटेल ते देवाला ठाऊक.

मास्तर८०८५
बघा. म्हणून सीएफ.